कमोडमधलं पाणी अंगावर उडू नये म्हणून

पाणी एकदा नाही, दोनदा उडतं. वस्तू पाण्यावर आपटली की आधी कडेने शिंतोडे उडतात, पण ते तिरके जाऊन बहुतेक कमोडच्या भांड्यालाच लागतात. खरा त्रास त्यानंतरचा. बुडणाऱ्या वस्तूच्या मागे हवेची पोकळी तयार होते, ती भरायला चहूबाजूंनी पाणी धावतं, मधोमध एकमेकांवर धडकतं आणि त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. म्हणून जिथे वस्तू पडली तिथूनच बारीक धार सरळ वर येते. हिला वर्दिंग्टन जेट म्हणतात. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी अशा शिंतोड्यांचे फोटो काढून १९०८ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. १५ सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे १.७ मीटर वेगाने आपटते. त्यातली बरीच ऊर्जा थोड्याशा पाण्यात एकवटली, की थेंब सहज अंगापर्यंत पोचतात.

तेव्हा ही पोकळी होऊच द्यायची नाही. बसण्याच्या अगदी आधी टॉयलेट पेपरची चार-पाच पदरी घडी पाण्यावर अलगद, सपाट ठेवा. बोळा करून टाकू नका, तो बुडतो. आणि एकच पदर तर मुळीच नको: तो वस्तूबरोबर आत ओढला जातो, पोकळी व्हायला मदतच करतो आणि पाणी जास्त उडतं. जास्त पदर मात्र धक्काही झेलतात आणि वर येणारी धारही दाबतात. पेपर भिजून विरघळू लागला की उपयोग संपला, म्हणून फार आधी टाकून ठेवू नये. खूप जाड थर टाकला तर फ्लश तुंबतो.

पेपर नसेल तर थोडं मागेपुढे सरकून बसा. भांड्याच्या उतारावर पडून घसरत पाण्यात गेलं तर पोकळी जवळपास होतच नाही. भांडं नंतर ब्रशने घासावं लागतं, पण हा उपाय सगळ्यात खात्रीचा.

पाणी फारच वर असेल तर ब्रश भांड्याच्या तळाच्या भोकाशी झटक्याने तीन-चार वेळा दाबा. थोडं पाणी पलीकडे ढकललं जाऊन पातळी उतरते. सगळं मात्र घालवू नका. तळाच्या वळणात पाणी अडून राहतं म्हणूनच गटाराचा वास घरात येत नाही. पुढच्या फ्लशला पातळी पूर्ववत होते.

उभ्याने लघवी करताना गणित वेगळं. धार साधारण १५ सेंटिमीटरनंतर तुटून थेंब होऊ लागतात, आणि एकामागून एक आदळणारे थेंब सलग धारेपेक्षा जास्त शिंतोडे उडवतात. त्यामुळे जवळ उभं राहा. धार पाण्यात किंवा भांड्याच्या समोरच्या भिंतीवर काटकोनात सोडू नका. भांड्याच्या बाजूच्या भिंतीला घासून जाईल अशी सोडा. धार आणि पृष्ठभाग यांतला कोन ३० अंशांहून कमी झाला की शिंतोडे एकदम घटतात.