पाच शाखा, एक गाडी आणि तरीही टीम नाही: गावातल्या प्रशिक्षणात या चुका टाळा

वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि समाजकार्याचे विद्यार्थी एकाच गाडीतून गावात उतरतात. वैद्यकीयवाले तपासतात, नर्सिंगवाले रक्तदाब घेतात, फार्मसीवाले गोळ्यांच्या टेबलामागे बसतात आणि उरलेल्यांच्या हाती नोंदवही येते. कागदोपत्री हे आंतरशाखीय प्रशिक्षण, प्रत्यक्षात पाच वेगळी शिबिरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यानुसार विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायला हवं. इथे फक्त 'सोबत' घडतं, तेही गाडीत.

एकमेकांवाचून अडत नाही असं काम देणं

मूळ चूक ही. टेबलं वाटून देण्याऐवजी चार ते सहा जणांच्या टीमला एक घर द्या. समजा, सत्तरीतल्या आजींना उठताना चक्कर येते. पाचही जण 'चक्कर कधीपासून?' हेच विचारू लागले तर तिसऱ्या वेळी आजी कंटाळून 'आता बरं आहे' म्हणतात आणि माहिती तिथेच संपते. एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी आपापल्या शाखेचे उरलेले प्रश्न शेवटी जोडायचे. घर लहान असेल तर दोघंतिघंच आत जा.

नर्सिंगच्या विद्यार्थ्याने आजींना ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यावा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर चक्करेचं एक कारण हाती लागलं. घाईत हा रक्तदाब बसवूनच, बाहीवरून, गप्पा मारत घेतला जातो. त्यात दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला की आकडा खोटा चढतो, आणि पुढची सगळी चर्चा त्या खोट्या आकड्यावर चालते.

फार्मसीवाल्याने 'कोणत्या गोळ्या घेता?' एवढ्यावर थांबू नये. घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या आणि शेजाऱ्यांकडून आणलेलंही समोर मांडून घ्यावं. यादी ब्रँडच्या नावाने न करता घटकाच्या नावाने करावी, नाहीतर एकच औषध दोन नावांनी दुप्पट चाललंय हे दिसत नाही. फिजिओथेरपीवाल्याने खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन, वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते मोजावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. आधी उभ्याने रक्तदाब, मगच ही चाचणी, आणि चालताना शेजारी माणूस हवाच.

समाजकार्याच्या विद्यार्थिनीला कळतं की रात्री लघवीला अंगणापलीकडे, अंधारात जावं लागतं. फार्मसीच्या यादीत लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळच्या रकान्यात आहे. हे दोन कागद शेजारी ठेवले की कोडं बरंचसं सुटतं, वेगवेगळ्या फायलींत राहिले तर कोणालाच सुटत नाही. गोळीची वेळ मात्र विद्यार्थ्यांनी बदलायची नाही. निष्कर्ष मांडायचा, निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

वैद्यकीय विद्यार्थी आपोआप पुढारी

कोणी ठरवत नाही, तरी होतं. रोज टीमप्रमुख बदला आणि चर्चेत वैद्यकीय विद्यार्थ्याला शेवटी बोलू द्या. आधी त्याने निदान सांगितलं की बाकीचे माना डोलावतात.

आपल्या शाखेची भाषा

'पीटी' म्हणजे एकाला फिजिओथेरपी, दुसऱ्याला रक्त गोठण्याची चाचणी. टीमच्या कागदावर संक्षेप नकोतच. केस सांगताना चार पायऱ्या ठेवा: आत्ता काय चाललंय, पार्श्वभूमी, आपला अंदाज, काय करावं असं वाटतं. चौथी पायरी विद्यार्थी हमखास गाळतात, कारण चुकण्याची भीती असते. तिथे मार्गदर्शकाने गप्प राहून वाट बघावी. अवघड आहे, पण जमतं.

एकाच शाखेचे मार्गदर्शक, वेगवेगळे गुण

प्रत्येक शाखेने आपापली जर्नल तपासली तर विद्यार्थी जर्नलसाठीच काम करणार. टीमने त्या घरासाठी पुढे काय करायचं याचा एकच आराखडा लिहावा, दोन शाखांच्या मार्गदर्शकांनी तो मिळून तपासावा. परत निघण्याआधी २० मिनिटांची चर्चा गावातच उरका. गाडीत बसलं की फोन निघतात.

बॅच गेली, माहितीही गेली

गावातली आरोग्यसेविका चर्चेला नसेल तर आराखडा कोणासाठी लिहिला? तिला बोलवा आणि कागदावर चारच गोष्टी ठेवा: काय आढळलं, काय सांगितलं, कोण बघणार, कोणत्या तारखेला. आजींना सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावा. 'समजलं का?' विचारलं तर उत्तर नेहमी 'हो'च येतं. पुढच्या बॅचची पहिली भेट नव्या घरी नको, याच कागदावरच्या तारखेला याच घरी ठेवा.