सुवासिक भाताचं टिशू कल्चर: या चुका टाळा

नाशिकमध्ये टिशू कल्चर (पेशींपासून बाटलीत रोपं वाढवणं) म्हटलं की केळी आणि डाळिंब डोळ्यासमोर येतात. तोच हिशेब आंबेमोहर किंवा कामोद या सुवासिक भातांना लावणं ही पहिली चूक. भात स्वपरागित आहे. शुद्ध बियाणं असेल तर एकरभर लागवडीला बाटलीतली रोपं कशाला? जुन्या जातीत सुधारणा करायची, उंची कमी करून लोळणं थांबवायचं, तेव्हा हे तंत्र कामाचं.

गिरणीतला तांदूळ घेऊ नका. पॉलिशमध्ये गर्भ निघून जातो आणि कॅलस (पेशींची गाठ, जिच्यातून पुढे रोप फुटतं) तर गर्भाच्या भागातूनच येतो. यंदाचं, नीट वाळवलेलं साळ हाताने सोला. इगतपुरीच्या दमट हवेत साठवलेल्या दाण्याच्या आत बुरशी असते, ती वरवरच्या धुण्याने जात नाही. मग दोष ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) दिला जातो.

सगळ्यात जास्त नुकसान कॅलस निवडताना होतं. एमएस या पोषक माध्यमात लिटरला २ मिलिग्रॅम २,४-डी हे संप्रेरक घालून अंधारात ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत गाठी दिसतात. फुगलेली, ओलसर, पाणचट गाठ वाढते भराभर, पण रोप देत नाही. पिवळसर पांढरी, कोरडी, दाणेदार गाठ उचला, दिसायला लहान असली तरी. ती महिनोन्‌महिने नव्या-नव्या माध्यमात फिरवत बसू नका. जुन्या कॅलसमधून पांढरीफटक, हरितद्रव्य नसलेली रोपं येऊ लागतात. कोंब फुटत नसतील तर संप्रेरक वाढवण्याआधी गाठी निर्जंतुक कोरड्या फिल्टर पेपरवर दिवसभर ठेवून थोड्या सुकवा. इंडिका या भारतात सर्रास पिकणाऱ्या भातात या साध्या उपायाने बराच फरक पडतो.

रोपं जूनमध्ये बाहेर येतील असा उलटा हिशेब आधीच मांडा. बऱ्याच जुन्या जाती दिवसाच्या लांबीवर, म्हणजे दिवस लहान झाला की फुलतात. थंडीत बाहेर काढलेलं रोप खुजंच राहून निसवतं.

आणि वास! हिरवंगार रोप आलं म्हणजे काम झालं असं अनेकजण धरून चालतात, याचं मला फार वाईट वाटतं. कॅलसमधून गेलेलं प्रत्येक रोप मूळ जातीसारखंच असेल याची खात्री नसते. दोन ग्रॅम पानं बारीक कापा, १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटर द्रावणात झाकून १० मिनिटं ठेवा, मग हुंगा. शेजारी मूळ आंबेमोहर आणि बिनवासाच्या भाताचा नमुना हवाच. चार-पाच नमुन्यांनंतर नाक थकतं, तेव्हा दुसऱ्याला हुंगायला द्या. पुढच्या पिढीचा दाणा शिजवून पुन्हा तपासल्याशिवाय ते बियाणं शेतकऱ्याच्या हाती देऊ नका.