पहिला पगार काढण्याआधी: महाराष्ट्रातल्या व्यवसाय कराची तयारी

माणूस कामावर ठेवला की पगाराच्या जोडीने राज्य सरकारचा व्यवसाय कर, म्हणजे बोलीभाषेतला पीटी, दाराशी येतो. १९७५ च्या कायद्याने तो पगारातून कापून सरकारजमा करायचं काम मालकावर टाकलं आहे. कापायला विसरलात तरी भरावा तुम्हालाच लागतो. सहा महिन्यांनी लक्षात आलं, तर कर्मचाऱ्याकडे मागचे १,२०० रुपये एकदम मागायला तोंड होत नाही आणि ते मालकाच्या खिशातून जातात. म्हणून पहिलं पगारपत्रक तयार होण्याआधी पुढची कामं उरकून घ्या.

आधी नोंदणीचे क्रमांक. ते दोन असतात आणि निम्मे घोळ इथेच होतात. कर्मचाऱ्यांचा कर ज्या नोंदणीवर भरायचा ती पीटीआरसी, तिचा क्रमांक २७ ने सुरू होतो. मालकाने स्वतःचा कर ज्या नोंदणीवर भरायचा ती पीटीईसी, तिचा क्रमांक ९९ ने सुरू होतो. चलन करताना पहिले दोन अंक डोळ्यांखालून घालाच. एका खात्याचे पैसे दुसऱ्यात गेले की भरूनही थकबाकी दिसते आणि ती निस्तरताना पुरेवाट होते. करपात्र पगाराचा एकच माणूस असला तरी पीटीआरसी लागते, आणि जबाबदारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. पीटीईसी एकट्या मालकाला, भागीदारीत प्रत्येक भागीदाराला, कंपनी असेल तर कंपनीला वेगळी आणि प्रत्येक संचालकाला वेगळी. तिचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही.

अर्ज राज्याच्या जीएसटी विभागाच्या महाजीएसटी पोर्टलवर होतो. पॅन, आधार, जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार, रद्द केलेला चेक आणि गुमास्ता परवाना स्कॅन करून ठेवा. नाव सगळीकडे पॅनवर आहे तसंच असू द्या. अलीकडे स्थापन झालेल्या खासगी कंपनीला हे क्रमांक बहुधा कंपनी नोंदणीबरोबरच मिळालेले असतात. आधी ते कागद चाळा, दुसरा अर्ज टाकू नका.

आता दर. पुरुषांना महिना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यापुढे २०० रुपये. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पूर्ण माफी, त्यापुढे २००. ज्यांना २०० लागू आहेत त्यांचे फेब्रुवारीत ३०० कापायचे, म्हणजे अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून २,५०० होतात. १७५ वाल्यांना फेब्रुवारीचा वाढीव भार नाही. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व असणाऱ्यांना सूट आहे. जन्मतारखेचा पुरावा किंवा अपंगत्वाचा दाखला घेऊन त्यांच्या फाइलला लावून ठेवा.

पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. पीएफ कापायच्या आधीची एकूण रक्कम धरायची: मूळ वेतन, महागाई भत्ता, नियमित मिळणारे बाकीचे भत्ते आणि मागची थकबाकी दिली असेल तर तीही. बोनस आणि ग्रॅच्युइटी यात येत नाहीत. दर त्या महिन्याच्या पगारावर ठरतो. बिनपगारी रजेमुळे एखाद्याचा १२,००० चा पगार ९,००० वर आला, तर त्या महिन्यात १७५ च कापायचे. पगाराचं सॉफ्टवेअर ठरलेल्या पगारावरून कर कापत असेल, तर तिथे चूक होते. दुसरी हमखास चूक स्त्री-पुरुष हा रकाना रिकामा राहण्याची. मग १८,००० पगाराच्या बाईंचे दर महिन्याला २०० विनाकारण जातात. पहिल्या महिन्याचं पगारपत्रक हातात घेऊन एकेक ओळ बोटाने तपासा.

आकड्यांत पाहू. ८ जणांचं दुकान आहे. चार पुरुष १०,००० च्या वर, एक पुरुष ९,००० वर, दोन महिला २२,००० वर आणि एक महिला ३२,००० वर. दर महिन्याला ८०० अधिक १७५ अधिक २०० मिळून १,१७५ रुपये. फेब्रुवारीत १,२०० अधिक १७५ अधिक ३०० मिळून १,६७५. वर्षाचे १४,६०० झाले. तुमची अशी बेरीज आधीच मांडून ठेवा, कारण रिटर्न, म्हणजे कापलेल्या कराचं विवरणपत्र, केव्हा भरायचं ते तिच्यावर ठरतं. मागच्या वर्षीचा कर १ लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकदा, १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दर महिन्याला. पूर्ण कर भरणारे ४० जण झाले की १ लाख होतात. पण नव्याने नोंदणी झालेल्याला पहिल्या वर्षी महिन्याचंच रिटर्न भरावं लागतं, दुकान कितीही लहान असो. हे पुष्कळांना विलंब शुल्काची नोटीस आल्यावरच कळतं.

महिन्यांचा हिशेबही समजून घ्या. मार्चच्या पगाराचा तपशील एप्रिलच्या रिटर्नमध्ये जातो, आणि वार्षिक रिटर्नमध्ये मार्च ते फेब्रुवारीचे पगार येतात. चलनावर एक कालावधी आणि रिटर्नमध्ये दुसरा असं झालं तर भरणा जुळत नाही. आधी पैसे भरा, चलन जपा, मग फॉर्म तीन-बी ची, म्हणजे रिटर्नच्या नमुन्याची, एक्सेल फाइल पोर्टलवरून दर वेळी नव्याने उतरवून घ्या. मागच्या वर्षीची फाइल वापरायचा मोह टाळा. त्यात पगाराच्या कोणत्या टप्प्यात किती कर्मचारी, हे भरायचं असतं. महिन्याचं काम १० तारखेच्या आत आणि वार्षिक काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपवायचं ठरवलंत तर धावपळ होत नाही.

वार्षिक रिटर्नवाल्यांनी एक गोष्ट मनावर घ्या. कापलेले पैसे वर्षभर तुमच्याकडे राहतात, पण ते तुमचे नसतात. ते धंद्यात फिरले की मार्चमध्ये तंगी येते. वेगळं खातं ठेवा, दर पगाराला त्यात रक्कम वळवा. उशिराचं व्याज महिन्याला सव्वा टक्क्यापासून सुरू होतं आणि पुढे २ टक्क्यांपर्यंत चढतं. रिटर्न ३० दिवसांच्या आत उशिरा गेलं तर २०० रुपये, त्यापुढे १,०००.

माणसं बाहेरच्या राज्यात कामाला असतील तर तिथला कायदा लागतो. कोल्हापूरच्या मालकाची शाखा बेळगावात असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी कर्नाटकची वेगळी नोंदणी घ्यावी लागते.

शेवटी कामगार कल्याण निधी. हा कर नव्हे, पण पगारपत्रकातच बसतो. ५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर जून आणि डिसेंबरच्या पगारातून प्रत्येकी २५ रुपये कापायचे, प्रत्येकामागे आपले ७५ घालायचे आणि अनुक्रमे १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे भरायचे. २०२४ च्या आधीचे १२ आणि ३६ चे जुने आकडे सॉफ्टवेअरमध्ये राहिले असतील तर आत्ताच बदला.