जुन्या वाड्यात मैफल भरवताय? या चुका टाळा

जुन्या ठाण्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आमचा दुमजली वाडा आहे. दुरुस्ती होऊन तो उभा राहिला तेव्हापासून महिन्यातून दोनदा तिथे गाणं होतं. मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे, पुढे घोडबंदरच्या बाजूला घाणेकर नाट्यगृहही झालं. मोठ्या कार्यक्रमांची सोय ठाण्यात आहेच. पण गायिकेने घेतलेला श्वास शेवटच्या रांगेत ऐकू यावा, अशी ऐंशी-नव्वद माणसांची जागा जुन्या घरातच मिळते.

आमच्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच समजुतीतून झाल्या. वाडा दुरुस्त झाला म्हणजे काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. माणसं वाडा बघायला एकदा येतात. परत येतात ती नीट ऐकू आलं, नीट बसता आलं आणि कोणी आपुलकीने 'या, बसा' म्हटलं म्हणून.

भिंत फुगली तर आधी पाणी शोधा

पहिल्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत रंगाचे फुगे आले. बोटाने दाबलं की आतून ओली भुकटी पडायची. आम्ही गवंड्याला बोलावून सिमेंटचा गिलावा मारून घेतला, वर प्लॅस्टिक पेंट दिला. पुढच्या वर्षी ओल गेली नाहीच, उलट फूटभर वर चढली.

जुनी भिंत चुन्याची असते. ती पाणी ओढते आणि हवेत सोडूनही देते. वरून सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की पाण्याला बाहेर पडायची वाटच राहत नाही, मग ते वर सरकतं आणि भिंतीत टेकलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोचतं. सागवान बाहेरून ठणठणीत दिसतं आणि भिंतीतलं टोक कुजलेलं असतं. लाकडी हातोडीने तुळईवर ठोकत भिंतीकडे जा. आवाज भरीव होता तो एकदम पोकळ झाला तर तिथे सुताराला दाखवा.

आमच्याकडे पाण्याचं कारण बाहेरच निघालं. दर डांबरीकरणात रस्ता वर येत गेला आणि वाड्याचं जोतं खाली राहिलं. आधी बाहेर चर काढून पाण्याला वाट करून दिली. सिमेंट पूर्ण खरवडलं, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू दिली आणि मगच चुन्याचा गिलावा थरावर थर दिला. हे काम जूनच्या तोंडावर कधीही काढू नका.

माडीवर किती माणसं बसवायची, हे अंदाजाने ठरवू नका

ही चूक जिवावर बेतणारी आहे. माडी बांधली ती घरातल्या माणसांसाठी. आजच्या भारतीय मानकात राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात, तर जमिनीला पक्क्या बसवलेल्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी ५०० किलोचा. भारतीय बैठकीत चौरस मीटरमध्ये तीन माणसं सहज मावतात, म्हणजे २०० किलो तिथेच झाले. भैरवीनंतर सगळे एकदम उठून दाराकडे सरकतात तेव्हा दारापाशी भार याहूनही वाढतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आकडा लेखी घ्या, तो जिन्याच्या तोंडाशी पाटीवर लावा आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी मोडू नका. आम्ही मैफल खालच्या दालनात ठेवतो. माडीवर फक्त कलाकारांची खोली आणि तानपुरे.

रिकाम्या दालनात केलेला साउंड चेक फसवतो

'आवाज घुमतोय' ही तक्रार पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी आली. दुपारी चार वाजता साउंडवाला येऊन सगळं बसवून जायचा. रिकाम्या वाड्यात टाळी वाजवली की ती कितीतरी वेळ रेंगाळायची, म्हणून तो आवाज चढवायचा, उंच स्वर कापायचा. सात वाजता दालन भरलं की तीच मांडणी बोथट आणि कर्कश वाटायची.

यामागचं गणित साधं आहे. बारा मीटर लांब, सहा रुंद, चार उंच असं दालन धरा. भिंती चुन्याच्या, फरशी उघडी. सबाइनच्या सूत्राने हिशेब केला तर रिकामं असताना आवाज विरायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. ऐंशी माणसं येऊन बसली की तेच एका सेकंदाच्या आत येतं, कारण माणसांचे कपडे आणि अंग आवाज पितात. म्हणजे दालनातला सगळ्यात चांगला पडदा श्रोतेच आहेत. त्यांची कसर दुपारी भरून काढायची असेल तर सतरंज्या आणि गाद्या आधीच अंथरा, मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा आणि मग आवाज लावा. अंतिम मांडणी पहिल्या ख्यालाच्या विलंबितात म्हणजे संथ लयीत, दालन भरल्यावर, शेवटच्या रांगेत उभं राहून करायची.

त्याआधी एक प्रश्न विचारा: माइक हवाच का? ऐंशी माणसांच्या दालनात गळा, तानपुरा, तबला आणि पेटी आपल्या बळावर पोचतात. आम्ही गायकाला एक आणि पेटीला एक असे दोनच माइक ठेवले, तेही अगदी हलके. कलाकारांकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर काढून टाकले तेव्हा शिटीही गेली आणि साथीदार एकमेकांचं ऐकायला लागले.

स्पीकरमधून सतत गुरगुर येत असेल तर दिवे आणि साउंड एकाच लाइनवर आहेत का ते पाहा. दिवे मंद करणारा डिमर असेल तर हमखास तेच कारण. साउंडला वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग द्या. वाड्यातल्या जुन्या वायरिंगवर हॅलोजन चालवू नका, तिथे लाकूड आहे.

जुलैतली एक संध्याकाळ आठवते. तबलजींनी गट्ठे ठोकून ठोकून वाद्य स्वरात आणलं आणि दहा मिनिटांत ते पुन्हा उतरलं. ओल्या हवेने चामडं सैल पडतं. आता पावसाळ्यात कलाकारांची खोली दोन तास आधी कोरडी करून ठेवतो, वाद्यं आधी तिथे उघडतो आणि रंगमंचावर थेट वारा येईल असा पंखा किंवा एसी लावत नाही.

चौक म्हणजे बंद सभागृह नव्हे

चौकात चांदणं असतं, तुळशीवृंदावन असतं, तिथे मैफल भरवण्याचा मोह होतोच. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, वाद्यंही वाजवता येत नाहीत. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत ऐकू जाईल एवढ्यापुरती सूट आहे. आकाशाकडे उघडा चौक त्यात बसत नाही. दिवाळी पहाट साडेपाचला सुरू करणार असाल तर चौकात पहिला अर्धा तास माइक आणि वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावरच करा. आम्ही तेच करतो, आणि लोक थोडे पुढे सरकून बसतात इतकंच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. जुन्या ठाण्यात हे सगळं दाटीने आहे, म्हणून आधी अंतर मोजून घ्या.

कायद्याआधी शेजारी येतात. आमच्या मागच्या इमारतीत बारावीचा मुलगा आहे हे आम्हाला भांडण झाल्यावर कळलं. आता वर्षाच्या तारखा छापून आधी शेजाऱ्यांच्या घरी देतो, परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी साडेआठला थांबतो आणि पहिल्या रांगेमागची चार आसनं शेजाऱ्यांची असतात.

उंबरठा

एका कार्यक्रमाला एक आजी नातवाबरोबर आल्या. दारात काठी टेकली, उंबरठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू जा रे आत, मी इथेच ओट्यावर बसते." दोन तास त्या बाहेर बसून यमन ऐकत होत्या आणि आम्ही आत पाहुण्यांना शाली देत होतो. मला ते आजही लागतं.

उंबरठा पंधरा सेंटिमीटरचा. चाकाच्या खुर्चीला एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंना एक मीटर ऐंशीची फळी. सुताराने उचलून ठेवता येईल असा लाकडी उतार केला, उंबरठ्याला एकही खिळा मारला नाही. भिंतीकडेला पाठीच्या पंचवीस खुर्च्या मांडल्या, कारण साठीनंतर मांडी घालून दोन तास बसणं म्हणजे शिक्षा. स्वच्छतागृह तळमजल्यावर केलं. देणगीदारांसाठी राखीव सोफे काढून टाकले. शेजाऱ्यांची चार आसनं सोडली तर पहिला आला त्याने पुढे बसावं.

वेळही पाळा. साडेसहा म्हणजे साडेसहा. कळवा, डोंबिवली, ऐरोलीहून येणाऱ्याला परतीची लोकल असते, आणि वेळेवर आलेल्यांना ताटकळत ठेवून उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली तर वेळेवर येणारेच आधी तुटतात.

कलाकाराचं मानधन बैठकीआधी ठरवा आणि त्याच रात्री द्या. तबलजी आणि पेटीवाल्यांचंही, वेगळ्या पाकिटात. भावगीतं किंवा चित्रपटगीतं असतील आणि तिकीट लावणार असाल तर हक्कांचा परवाना आधी घ्या. हौशी संस्थेच्या विनातिकीट प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तिकीट लावलं की ती सूट उरत नाही.

आणि रात्री सगळे गेले की लगेच कुलूप लावू नका. ऐंशी माणसं अडीच तास बसली की श्वास आणि घामातून आठ-दहा लिटर पाणी दालनातल्या हवेत जातं. ते चुन्यात आणि तुळयांत मुरायच्या आत खिडक्या उघडून अर्धा तास पंखे चालू ठेवा. आम्ही त्या वेळात सतरंज्या झटकून गुंडाळतो, उरलेला चहा शेजारच्या वॉचमन काकांबरोबर पितो आणि मग दिंडी दरवाजा ओढून घेतो.