खताच्या पोत्यापासून पावसाच्या पाण्यापर्यंत: गायगर काउंटरने किरणोत्सार कसा मोजावा

चिकोडी, अथणी किंवा रायबागकडच्या उसाच्या पट्ट्यात कोणत्याही सोसायटीच्या गोदामात पोटॅश खताची पोती रचलेली असतात. अशा ५० किलोच्या एका पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक अणूंचे विघटन होत असते, म्हणजे ते कण किंवा किरण बाहेर टाकून दुसऱ्या अणूंत बदलत असतात; यालाच किरणोत्सार म्हणतात. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एकाहून किंचित अधिक अणू पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूचा) असतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे असल्यामुळे तो पृथ्वीच्या जन्मापासून अजून पुरता संपलेला नाही. म्हणून किरणोत्साराचा प्रयोग करण्यासाठी शाळेने किरणोत्सारी पदार्थाचा परवान्याचा सीलबंद स्रोत मिळवलाच पाहिजे असे नाही. एक साधा गायगर काउंटर (आत शिरलेले कण टिपून त्यांची संख्या दाखवणारे उपकरण), एक वही आणि बऱ्यापैकी चिकाटी एवढ्यावर सीमाभागातील शिक्षक आणि विद्यार्थी विश्वासार्ह मोजणी करू शकतात. ती कशी करावी, याचे हे मार्गदर्शन आहे.

उपकरण निवडताना त्याच्या आत काय घडते हे लक्षात घ्यावे. काउंटरमधल्या गायगर-म्यूलर नळीत कमी दाबाचा वायू भरलेला असतो आणि मधल्या तारेला, लहान नळ्यांच्या बाबतीत, साधारण ४०० व्होल्टचा विद्युतदाब दिलेला असतो. एखादा बीटा कण (विघटनातून वेगाने बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन) आत शिरून वायूतील काही अणूंचे आयनीभवन करतो, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉन सोडवतो; हे सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना आणखी अणूंचे आयनीभवन करतात आणि एक मोठा स्पंद मिळतो. हा स्पंद प्रत्येक वेळी सारखाच मोठा असतो, त्यामुळे आलेला कण किती ऊर्जेचा होता आणि कोणत्या समस्थानिकातून आला, हे ही नळी सांगू शकत नाही. क्ष-किरणांसारख्या गॅमा किरणांपैकी शंभरात एखादाच तिला कळतो, बाकीचे आरपार निघून जातात. अल्फा कण (हेलियमच्या अणुकेंद्राएवढे जड कण) तर नळीच्या भिंतीतच अडतात, त्यांच्यासाठी अभ्रकाच्या पातळ खिडकीची नळी लागते. निपाणीच्या तंबाखूत पोलोनियम-२१० आहे म्हणतात, ते मोजून पाहू, असे कोणी हमखास सुचवते. तंबाखूच्या पानावर पोलोनियम असते ही गोष्ट खरी आहे, पण ते अत्यल्प असते आणि अल्फा कण सोडते, त्यामुळे साध्या नळीवर तंबाखूची जुडी ठेवून काही दिसले नाही तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

रंगीत पडदा आणि मोबाइलला जोडण्याची सोय यांवर पैसे घालवू नयेत. आलेल्या स्पंदांची एकूण संख्या दाखवणारे, बॅटरीवर चालणारे आणि नळीजवळच्या आवरणाला फटी असलेले उपकरण घ्यावे, कारण जाड प्लास्टिक बीटा कणांना अडवते. आवरण स्वतः उघडण्याचा मोह टाळावा, आत उच्च विद्युतदाब असतो. पडद्यावरच्या मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराची मात्रा मोजण्याच्या एककातल्या) आकड्याकडे तर सरळ दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा आकडा बहुतेक उपकरणे समोर सीझियम-१३७ चे गॅमा किरण आहेत असे गृहीत धरून काढतात. समोर पोटॅशचे बीटा कण असतील तर त्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे वर्षाला सुमारे ०.९ मिलिसिव्हर्ट. माणसाला नैसर्गिक स्रोतांपासून मिळणारी जागतिक सरासरी मात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मानली जाते, पण तिच्यात श्वासावाटे जाणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू धरलेला असतो आणि तो या उपकरणाच्या मोजणीत येत नाही. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून आपले गाव सुरक्षित किंवा धोकादायक ठरवणे चूक आहे. या उपकरणातून विश्वासाने घेता येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे स्पंदांची संख्या.

पहिली मोजणी पार्श्वभूमीची करावी, म्हणजे जवळ कोणताही नमुना नसताना येणाऱ्या स्पंदांची. जमिनीतील व भिंतीतील पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम, तसेच आकाशातून येणारे वैश्विक किरण यांमुळे उपकरण कधीही शांत बसत नाही. एकेका मिनिटाच्या दहा नोंदी ओळीने घ्याव्यात. सरासरी २० आली तरी एखाद्या मिनिटात १३ आणि पुढच्यात २६ दिसेल. हा उपकरणाचा दोष नव्हे. विघटन यदृच्छेने घडते, त्यामुळे संख्येतील अनिश्चितता साधारण त्या संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. २० चे वर्गमूळ साडेचारच्या जवळपास येते. म्हणजे साधारण दोन तृतीयांश वेळा नोंद १६ ते २४ च्या दरम्यान पडेल आणि अधूनमधून २९ सुद्धा येईल, तेही काहीही घडलेले नसताना. उपकरण हातात घेऊन पाच सेकंद टिकटिक ऐकून ‘इथे जास्त आहे’ असे सांगणारे व्हिडिओ यामुळेच निरुपयोगी ठरतात. १०० स्पंदांत अनिश्चितता १० टक्के, १,००० मध्ये सुमारे ३ टक्के आणि १०,००० मध्ये १ टक्का असते. अचूकता दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो, महागड्या उपकरणानेही या नियमातून सुटका होत नाही.

आता समजा, पार्श्वभूमीच्या २० मिनिटांत ४०० स्पंद मिळाले आणि नमुना ठेवल्यावर तेवढ्याच वेळात ७०० मिळाले. निव्वळ फरक ३०० चा, म्हणजे मिनिटाला १५ चा. मात्र त्याची अनिश्चितता काढताना दोन्ही संख्यांची बेरीज करूनच वर्गमूळ घ्यावे लागते. ११०० चे वर्गमूळ ३३, म्हणून फरक ३०० अधिक-उणे ३३. फरक अनिश्चिततेच्या नऊपट आहे, तेव्हा तो निःसंशय खरा मानावा. हाच फरक ५० निघाला असता, तर काही सापडले असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नसता. तिप्पटीहून कमी फरक असेल तर अधिक वेळ मोजावे, हा संकेत वर्गात सुरुवातीलाच ठरवून टाकावा.

खताचा प्रयोग तीन नमुन्यांवर करावा. युरिया, दहा-सव्वीस-सव्वीस आणि पोटॅश, ही तिन्ही खते ऊस करणाऱ्या घरात मिळण्याजोगी आहेत. युरियात पोटॅशियम मुळीच नसते, त्यामुळे तो तुलनेचा नमुना म्हणून उत्तम. दहा-सव्वीस-सव्वीस या मिश्रखतात पालाशाचे (पोटॅशियमच्या अंशाचे) प्रमाण २६ टक्के आणि पोटॅशमध्ये ६० टक्के असते. ही टक्केवारी पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातली आहे, प्रत्यक्ष पोटॅशियम तिच्या सुमारे ८३ टक्के भरते. तिन्ही खते कोरडी करून, ढेकळे फोडून, एकसारख्या उथळ ताटल्यांत एक सेंटिमीटर जाडीने सपाट पसरावीत आणि वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची झिल्ली ताणून बसवावी, म्हणजे खताची धूळ उपकरणाला लागणार नाही. नळी प्रत्येक वेळी त्याच उंचीवर आणि ताटलीच्या त्याच भागावर राहील अशी लाकडी बैठक करून घ्यावी. अंतरातला अर्ध्या सेंटिमीटरचा फरकसुद्धा निकाल बिघडवतो.

ढीग मोठा केल्याने नोंद वाढेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पोटॅशियम-४० च्या सुमारे ८९ टक्के विघटनांतून बीटा कण निघतो आणि त्याची कमाल ऊर्जा १.३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे खताच्या थरातून तो फार तर अर्धा सेंटिमीटर पार करतो. त्याखालच्या खतातले बीटा कण वर पोहोचतच नाहीत. उरलेल्या सुमारे ११ टक्के विघटनांतून येणारा गॅमा किरण खालूनही येतो खरा, पण तो नळीला क्वचितच कळतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावी. दोन मिलिमीटर, पाच मिलिमीटर, एक सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर असे थर करून मोजल्यास निव्वळ नोंद आधी वाढते आणि मग जवळपास स्थिरावते. त्यानंतर ताटली आणि नळी यांच्यामध्ये कागद, जाड पुठ्ठा आणि दोन-तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आळीपाळीने घालून पाहावा. कागदाने फारसा फरक पडत नाही, पत्र्याने बहुतेक सगळी वाढ नाहीशी होते.

तिन्ही खतांच्या निव्वळ नोंदी उभ्या अक्षावर आणि पालाशाची टक्केवारी आडव्या अक्षावर मांडली, तर बिंदू जवळपास सरळ रेषेत यायला हवेत. दहा-सव्वीस-सव्वीसचा बिंदू रेषेच्या किंचित वर सरकला तर आश्चर्य वाटू देऊ नये, स्फुरदाच्या (फॉस्फेटच्या) खनिजाबरोबर युरेनियमचा अल्पांश खतात येतो. मात्र अनिश्चिततेच्या रेघा प्रत्येक बिंदूवर काढल्याशिवाय तो सरकला की नाही हे ठरवू नये. घरचे लोक खत ऐकून धास्तावले, तर सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरातही पोटॅशियममुळे सेकंदाला चार हजारांहून अधिक विघटने होतात, हे सांगावे. प्रयोगानंतर हात धुवावेत, तेही खत आहे म्हणून.

दुसरा प्रयोग वळवाच्या पावसाचा. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन-२२२ चे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असते आणि त्याच्या विघटनातून तयार होणारे शिसे-२१४ व बिस्मथ-२१४ हवेतील धूलिकणांना चिकटतात. कोरड्या दिवसांनंतरची पहिली जोरदार सर हे कण खाली घेऊन येते. सर सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मोटारीच्या टपावरचे पाणी टिश्यू पेपरने पुसून घ्यावे, कागद पिळून त्याची लहान घडी करावी आणि लगेच नळीखाली ठेवावा. पाच-पाच मिनिटांच्या नोंदी दोन तास सलग घ्याव्यात. शिसे-२१४ चे अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटे आणि बिस्मथ-२१४ चे सुमारे २० मिनिटे असल्यामुळे निव्वळ नोंद साधारण अर्ध्या तासात निम्मी होताना दिसते. अर्धायुष्याचा आलेख पुस्तकातून उतरवून घेण्याऐवजी डोळ्यांदेखत उतरताना पाहण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. विलंब मात्र चालत नाही. कागद घेऊन घरी पोहोचायला तास लागला, तर मोजण्यासारखे फारसे उरलेले नसते. कणकुंबी-जांबोटीकडे आठवडाभर अखंड पाऊस लागल्यावर हवा आधीच धुतली गेलेली असते, म्हणून तिथे जुलैपेक्षा एप्रिल-मेमधली एखादी सर अधिक उपयोगी पडते.

पावसाळ्यात उपकरणाचीही काळजी घ्यावी लागते. खानापूरकडच्या दमट हवेत सर्किटवर ओल धरली की उच्च विद्युतदाब गळू लागतो आणि खोटे स्पंद नोंदले जातात, म्हणून उपकरण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. काचेच्या काही नळ्या थेट उन्हातही खोटे स्पंद देतात. मोबाइल शेजारी ठेवू नये.

सहलीचा उपयोग खडकांची तुलना करण्यासाठी होतो. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. जांभ्यातले पोटॅशियम पावसाने वाहून गेलेले असते, पण थोरियम बरेचसे मागे राहते. गोकाकच्या धबधब्याचा कडा कलादगी समूहाच्या वालुकाश्माचा आहे, तर इलकलचा गुलाबी ग्रॅनाइट फरशीच्या दुकानात आयता मिळतो. प्रत्येक ठिकाणी नळी जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरून किमान अर्धा तास मोजावे आणि वहीत जागा, वेळ, पाऊस, खाली असलेला खडक व जवळच्या भिंती यांची नोंद करावी. दगडी भिंतीजवळ उभे राहून घेतलेली नोंद त्या गावाची नव्हे, त्या भिंतीची असते.

पेट्रोमॅक्स दिव्याच्या जुन्या मेंटलमध्ये (जाळीदार वातीत) थोरियम असते आणि त्यावर उपकरण जोरात टिकटिकते. असे मेंटल सापडल्यास ते प्लास्टिकच्या बंद पिशवीतच ठेवावे, चुरगाळू नये, कारण त्याची भुकटी श्वासात जाणे हाच त्यातला खरा धोका आहे.

बसमध्ये किंवा बाजारात नोंद अचानक कित्येक पटींनी वाढली, तर शेजारी आण्विक वैद्यक विभागातून तपासणी किंवा उपचार घेऊन आलेली व्यक्ती असण्याची शक्यता बरीच असते. हाडांच्या स्कॅनसाठी दिलेल्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य ६ तास, पेट (PET) स्कॅनमधल्या फ्लोरिन-१८ चे सुमारे ११० मिनिटे आणि थायरॉइडच्या उपचारातील आयोडीन-१३१ चे ८ दिवस असते. रुग्णाला ठरलेल्या नियमांनुसारच घरी सोडलेले असते. अशा वेळी उपकरण बंद करून खिशात ठेवावे, कोणाकडे रोखून पाहू नये व काही विचारू नये, हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच बजावावे.

भंगाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. उद्यमबाग आणि मच्छे परिसरात ओतशाळा असल्यामुळे बेळगावात भंगार सतत येत असते. दिल्लीतील मायापुरी येथे २०१० साली विद्यापीठाने निकामी म्हणून विकलेल्या यंत्रातील कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. आकाराच्या मानाने फार जड असलेले शिशाचे भांडे किंवा पिवळ्यावर तीन पात्यांचे चिन्ह असलेली पेटी दिसल्यास तिला हात लावू नये, लोकांना दूर ठेवावे आणि पोलिसांमार्फत अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत माहिती पोहोचवावी. अशा ठिकाणी उपकरणाच्या शांततेवरही विसंबू नये, कारण प्रत्येक स्पंदानंतर नळी क्षणभर बधिर होते आणि किरणोत्सार अतितीव्र असेल तर ती सावरण्याआधीच पुढचा कण येऊन काही उपकरणे कमी आकडा किंवा शून्य दाखवू लागतात. जवळ जाताना टिकटिक वाढत गेली आणि मग एकाएकी थांबली, तर आलेल्या वाटेनेच ताबडतोब मागे फिरावे.