जुन्या इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे

इंग्रजी शब्दाचे मूळ शोधायला बसले की थेट उगमाकडे धाव घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. शब्दाचा माग आजच्या अर्थापासून मागे मागे, एकेका शतकाच्या नोंदी तपासत काढायचा असतो. मधला टप्पा गाळला, तर दोन टोके जोडणारी गोष्ट आपण मनानेच रचू लागतो, आणि व्युत्पत्तीच्या नावाने फिरणाऱ्या अनेक भाकडकथा अशाच जन्माला आल्या आहेत. ही रीत प्रत्यक्ष दाखवण्यासाठी येथे ‘वीअर्ड’ हा शब्द घेतला आहे. आज ते ‘विचित्र’ या अर्थाचे विशेषण आहे. हजार वर्षांपूर्वी ते ‘नियती’ या अर्थाचे स्त्रीलिंगी नाम होते.

सुरुवात ऐतिहासिक तत्त्वावर रचलेल्या कोशापासून करावी. इंग्रजीसाठी असा कोश म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. नेहमीच्या कोशात प्रचलित अर्थ आधी येतो, तर येथे सर्वसाधारणपणे सर्वांत जुना अर्थ आधी येतो आणि प्रत्येक अर्थाखाली त्या त्या वापराची अवतरणे सालानुसार लावलेली असतात. व्याख्येपेक्षा ही अवतरणे अधिक मोलाची आहेत. त्यांतून साल, स्पेलिंग, पूर्ण वाक्य आणि लेखकाचा प्रदेश अशी टिपणे काढावीत. पहिल्या अवतरणाचे साल हे शब्दाचे जन्मसाल नसते, तर तो लिखित स्वरूपात सापडल्याचे सर्वांत जुने साल असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

‘वीअर्ड’च्या बाबतीत ‘गूढ, अमानवी भासणारे’ हा विशेषणाचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेली, कीट्स यांच्या कवितेत दिसू लागतो आणि निव्वळ ‘विचित्र’ हा सौम्य अर्थ त्यानंतर रूढ होतो. त्याआधी सर्वत्र नियतीचाच संदर्भ आढळतो. मग नियतीवरून विचित्रापर्यंत हा शब्द आला कसा? उत्तर ‘मॅक्बेथ’ नाटकातल्या तीन चेटकिणींपाशी मिळते. शेक्सपिअरने ही कथा हॉलिन्शेडच्या १५७७ मध्ये प्रथम छापलेल्या इतिहासग्रंथातून घेतली. तेथे या तिघींना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हटले असून त्या जणू नियतीच्या देवता असल्याचा खुलासाही लगेच केला आहे. म्हणजे ‘वीअर्ड’ हे त्यांच्या रूपाचे वर्णन नव्हते, त्यांच्या अधिकाराचे नाव होते. पुढे दक्षिण इंग्लंडमध्ये हे नाम वापरातून गेले, स्कॉटलंडमध्ये ते टिकून राहिले, आणि मूळ अर्थ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकवाचकांनी त्या तिघींच्या भयाण रूपावरून शब्दाचा अर्थ लावला. शब्दाचा अर्थ पालटतो तो बहुधा अशाच जागी, जेथे वाक्य दोन्ही अर्थांनी लागते. आपल्या शब्दाच्या बाबतीतही अशी दुहेरी अर्थाची वाक्ये मुद्दाम हुडकावीत. अर्थांतराचा खरा पुरावा तेथेच असतो.

याच नाटकातून स्पेलिंगचाही धडा मिळतो. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओ (मोठ्या आकाराच्या एकत्रित) आवृत्तीत हा शब्द कोठे ‘वेवर्ड’, कोठे ‘वेयर्ड’ अशा रूपांत छापला आहे, आणि केवळ आजच्या स्पेलिंगने शोध घेणाऱ्याला तो तेथे सापडणार नाही. संपादक थिओबाल्डने १७३३ च्या आवृत्तीत हॉलिन्शेडच्या आधारे ‘वीअर्ड’ हा पाठ पुन्हा आणला. म्हणून कोशातील नोंदीच्या आरंभी दिलेली सगळी जुनी रूपे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक रूपाने वेगळा शोध घ्यावा. मूळ हस्तलिखितांपर्यंत जायचे असेल, तर जुन्या इंग्रजीतील, म्हणजे साधारण ११०० पूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन भाषेतील, ‘विन’ हे अक्षर ओळखता आले पाहिजे. ते ‘डब्ल्यू’चे काम करते, पण दिसते बरेचसे ‘पी’सारखे, त्यामुळे नवखा वाचक हा शब्द ‘पी’ने सुरू होतो असे समजून फसतो.

१५०० पूर्वीच्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’ आणि ११०० च्या आधीच्या काळासाठी बॉसवर्थ व टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश वापरावा. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. जुन्या इंग्रजीत आपला शब्द ‘व्युर्ड’ असा होता. त्यातील स्वर ओठांचा चंबू करून ‘इ’ म्हटल्यावर निघतो, तसा काहीसा होता. ‘बेओवुल्फ’ या काव्यात नायक म्हणतो की व्युर्ड तिला जावे लागते तशीच जाते, आणि तेथे तिच्यासाठी स्त्रीलिंगी सर्वनाम आले आहे. एवढ्यावरून ती जुन्या धर्मातील देवी होती असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली आहे, आणि ती मला मान्य नाही. जुन्या इंग्रजीत प्रत्येक नामाला व्याकरणिक लिंग असे, त्यामुळे सर्वनामावरून देवत्व सिद्ध होत नाही. इतर अनेक ठिकाणी या शब्दाचा अर्थ नुसताच ‘घडलेली गोष्ट’ एवढाच आहे.

अशा वादात भाषांतरे आणि लॅटिन शब्दसूची फार उपयोगी पडतात, कारण समोरचा लॅटिन शब्द अर्थाला मर्यादा घालतो. जुन्या शब्दसूचींत रोमन पुराणातील तीन भाग्यदेवतांच्या नावापुढे या शब्दाचे अनेकवचन दिलेले सापडते, तर रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या लॅटिन ग्रंथाच्या, राजा आल्फ्रेडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतरात व्युर्ड ही ईश्वराच्या योजनेच्या अधीन आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी खोडू नये.

यानंतरच भगिनीभाषांकडे वळावे. ‘व्युर्ड’ हे नाम ‘होणे’ या अर्थाच्या ‘वेओर्थन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी जोडलेले आहे. जर्मन ‘वेर्डन’, नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणातील ‘उर्द’ हे नाव, लॅटिन ‘वेर्तेरे’ आणि संस्कृत ‘वृत्’ धातू ही सारी त्याच कुळातली मंडळी. आपल्या ‘वर्तन’, ‘वर्तुळ’, ‘आवर्तन’ या शब्दांत तोच धातू आहे. वळणे, फिरणे यावरून होणे, आणि होण्यावरून जे व्हायचे ते, असा अर्थाचा प्रवास दिसतो.

मात्र हे नाते उच्चारसाम्यावरून ठरलेले नाही. फारसीतून आलेला ‘बदनाम’मधील ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चारही जुळतो आणि अर्थही, तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाते सिद्ध होते ते नियमित ध्वनिबदलांनी. संस्कृत ‘त्रि’च्या जागी इंग्रजीत ‘थ्री’ येतो, म्हणजे ‘त’चा ‘थ’ होतो, हा याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाचा भाग. त्या हिशेबाने ‘वृत्’मधल्या ‘त’चा ‘वेओर्थन’मध्ये ‘थ’ झाला हे बरोबर, पण ‘व्युर्ड’मध्ये ‘ड’ का? त्याचा उलगडा कार्ल व्हर्नर यांनी १८७० च्या दशकात केला: मूळ भाषेत आघात पुढच्या अक्षरावर असेल, तर तो ‘थ’ मृदू होऊन पुढे ‘ड’ बनतो. प्रत्येक व्यंजनाचा असा हिशेब लागेपर्यंत ‘संबंध आहे’ असे लिहू नये, ‘संबंध असावा’ असे लिहावे.

टिपण तयार करताना लिखित पुराव्यातील रूपे आणि तर्काने मांडलेली रूपे वेगळी ठेवावीत. आदिजर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या समान पूर्वज भाषेतील, ‘वुर्दिझ’ हे रूप कोणत्याही हस्तलिखितात नाही. अभ्यासकांनी ते तुलनेतून उभे केले आहे, म्हणून अशा रूपाआधी तारकाचिन्ह घालण्याचा संकेत आहे. आपल्या टिपणातही तो पाळावा आणि प्रत्येक सालापुढे ते कोणत्या कोशातून घेतले तेही नोंदवावे.