राग उतरतो कसा, ते आधी ठरवा: चवताळणाऱ्या योद्ध्याचा क्लास घडवताना

फँटसी रोलप्लेइंग खेळासाठी चवताळून लढणारा योद्धा लिहायला घेतला की कागदावर सगळ्यात आधी उतरतं ते '+४ ताकद', '+६ डॅमेज' (वाराने होणारी इजा) आणि एखादी डरकाळी. हा भाग दहा मिनिटांत होतो आणि फारसा चुकतही नाही. क्लास, म्हणजे पात्राचा ठरावीक प्रकार, फसतो तो राग ओसरताना. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा: राग कधी संपतो, कशामुळे संपतो आणि जाताना काय वसूल करून जातो.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बार्बेरियनला, म्हणजे याच चवताळणाऱ्या क्लासला, रागाच्या भरात ताकद आणि कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) दोन्ही चारने वाढवून मिळत. कॉन्स्टिट्यूशन चारने वाढलं की दर लेव्हलमागे २ हिट पॉइंट (इजा सोसण्याचे गुण) जास्त, म्हणजे दहाव्या लेव्हलला २०. राग उतरला की हे २० परत जात. त्या नियमांत उणे १० ला मरण होतं. आता हिशेब करा: शत्रू आडवा पडलाय, आपला गडी ५ हिट पॉइंटवर उभा आहे, राग उतरतो, गडी उणे १५ वर. मारायला कोणी शिल्लक नसताना मेला. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वाढीव हिट पॉइंटांऐवजी शस्त्रांचं डॅमेज निम्मं करण्याचा नियम आला, तो याच कारणाने जास्त सुरक्षित आहे: राग उतरताना परत घेण्यासारखं काही उरतच नाही.

उलट चूकही तितकीच नेहमीची. त्याच २०१४ च्या नियमांत बार्बेरियनच्या बर्सर्कर शाखेची 'फ्रेंझी' (रागात जादा वार करण्याची मुभा) वापरली की नंतर एक पायरी थकवा यायचा. एका पूर्ण रात्रीच्या विश्रांतीत एकच पायरी उतरायची, आणि पहिल्या पायरीलाच सगळ्या क्षमता-चाचण्या दोन फासे टाकून, कमी आकडा धरून करायच्या. अशी किंमत लावली की खेळाडू ते हत्यार जपून ठेवतो आणि मग वापरतच नाही. किंमत अशी हवी की त्याच सेशनमध्ये देऊन मोकळं होता येईल.

मुंबईतल्या टेबलांसाठी, म्हणजे एकत्र जमून खेळणाऱ्या गटांसाठी, याला आणखी एक कारण आहे. कोणी विरारहून येतो, कोणी कल्याणहून, आणि शेवटच्या लोकलच्या आधी सगळं आटपायचं असतं. तीन तासांत दोन लढाया झाल्या तरी पुष्कळ. तिथे 'दिवसातून दोनदा राग' ही मर्यादा नावापुरती उरते, कारण प्रत्येक लढाईत एकदा राग आला तरी कोटा पुरतो. दिवसाचा कोटा न ठेवता लढाईतच भरणारं आणि लढाईतच रिकामं होणारं माप ठेवा.

नाव आणि रचना दोन्ही या शहरात आयत्या मिळतात: भरती, उधाण, ओहोटी. माप म्हणून चिंचोके घ्या. फाशांपेक्षा वेगळे दिसतात, हातात खुळखुळतात आणि हरवले तरी वाईट वाटत नाही. कॅरमच्या सोंगट्याही चालतील. आता आकडे, पाचव्या आवृत्तीच्या घडणीवर बेतलेले.

लढाई सुरू होताच २ चिंचोके हातात, जास्तीत जास्त ६. शत्रूचा वार लागला की १, पण एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी होते तो फेरा) एकदाच. आपला वार शत्रूला बसला की १, तोही आपल्या टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, एकदाच. हातात ३ झाले की बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) वापरून उधाणात जाता येतं, त्यासाठी चिंचोके मोडत नाहीत. उधाणात वारावर +२ डॅमेज, आणि शस्त्रांचं जे डॅमेज लागेल ते निम्मं. प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला २ चिंचोके जातात. वर हवा तर एक मोडून त्या वारावर एक डी६ (सहा बाजूंचा फासा) वाढवता येतो. टर्नच्या सुरुवातीचे दोन देऊन हात रिकामा झाला की ओहोटी: दोन टर्न वेग निम्मा, रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची झटपट कृती) नाही, आणि दहा मिनिटं बसल्याशिवाय पुन्हा उधाण नाही.

सुरुवातीचे २ का? लढाई साधारण तीन-चार राउंडांत संपते. शून्यापासून मोजायला लागलात तर गड्याला राग येईपर्यंत बाकीचे लूट वाटून घेत असतात. असं माप लिहिताना सर्वाधिक वेळा हीच चूक होते.

'एकदाच' का? पाऊस आणि भरती एका वेळी आली की दादरचं हिंदमाता तुंबतं. तसंच आठ गोब्लिनांनी घेरल्यावर प्रत्येक वाराला एक चिंचोका दिलात तर एका राउंडमध्ये माप वाहून जातं, आणि खर्चाचा विचारच उरत नाही. शिवाय 'शत्रू' हा शब्द नियमात लिहाच. नाहीतर मित्र कानाखाली वाजवून चिंचोके भरून देतो, किंवा कोणीतरी पिशवीत उंदीर घेऊन फिरतो आणि लढाईआधी एकेक चिरडतो. हा उंदरांचा डाव जगभरच्या टेबलांवर जुना आहे. ज्याच्यापासून खरा धोका नाही तो शत्रू नव्हे, एवढी एक ओळ पुरते.

या मापाचा जीव त्या डी६ मध्ये आहे. काहीच न मोडता खेळलं तर वार देत-घेत उधाण बहुतेक लढाईभर टिकतं. दर टर्नला एक मोडत गेलं तर दोन-तीन टर्नांत ओहोटी लागते. म्हणजे प्रत्येक टर्नला खेळाडूला ठरवावं लागतं की आत्ता फोडायचं की टिकायचं. हा निर्णय काढून टाकलात तर उरतो तो +२ लिहिलेला फायटर, म्हणजे साध्या लढवय्याचा क्लास.

आणि +२ कमी वाटतो म्हणून वाढवू नका, आधी गणित करा. पाचव्या लेव्हलचा फायटर, ग्रेटसोर्डचे दोन वार, प्रत्येकी २डी६+४ (दोन डी६ची बेरीज अधिक ४) म्हणजे सरासरी ११, बसण्याची शक्यता ६५ टक्के: राउंडला सुमारे १४.३. आपल्या गड्याचे तेच वार +२ सह १६.९. अठरा टक्के जास्त, डी६ वेगळाच. हिट पॉइंट पाहा, ते क्लासच्या फाशावरून ठरतात: कॉन्स्टिट्यूशनचे +३ दोघांनाही धरले तर डी१० वाला फायटर ४९, डी१२ वाला आपला ५५. पण डॅमेज निम्मं झालं की शस्त्रांपुढे हे ५५ म्हणजे ११०. क्लासची खरी ताकद डॅमेजच्या ओळीत नसून या निम्म्यात आहे.

म्हणूनच 'रागात आर्मर क्लास (वार बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २ ने कमी' हा लोकप्रिय तोटा दिसतो तेवढा तोटा नाही. वार बसतो का ते डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, ठरवतो आणि त्यावर प्रत्येक १ म्हणजे ५ टक्के. ६० टक्के वेळा बसणारा शत्रू ७० टक्के वेळा बसू लागतो, आणि निम्म्याने गुणलं की ३५ उरतात. शांत असताना ६० लागत होते. अगदी बेभान होऊन लढण्याचा नियम दिलात, म्हणजे दोघांनीही दोन फासे टाकून चांगला धरायचा, तर आपले ६५ चे ८८ होतात, शत्रूचे ६० चे ८४, आणि निम्मे केल्यावर ४२. तरीही नफाच. तोटा खरा हवा असेल तर तो ओहोटीत ठेवा, किंवा 'निम्मं' फक्त शस्त्रांपुरतं ठेवून आग, विष आणि मनावरची जादू मोकळी सोडा. उधाणात मंत्र म्हणणं मात्र सरळ बंद. नाहीतर दुसऱ्या क्लासच्या दोन लेव्हल घेऊन कोणीतरी या निम्म्यावर संरक्षणाचे मंत्र चढवतो, मग त्याला पाडायला खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरकडे काही राहत नाही.

आंधळ्या रागात सोबत्यांवर वार करण्याचा नियम अनेकांना मोहात पाडतो. तो टाळा. फायदा एकाने घ्यायचा आणि हिट पॉइंट दुसऱ्याचे जायचे, यात गंमत पहिल्यांदाच येते. तिसऱ्यांदा टेबलावर खरीखुरी भांडणं होतात.

शत्रू लांब किंवा उडणारा असेल तर काय, हेही आधीच लिहा. २०१४ च्या नियमांत टर्नभरात वार केला नाही आणि लागलाही नाही तर राग जायचा. मग दरवाजा फोडून पलीकडे पोचेपर्यंत गडी शांत झालेला असायचा, किंवा राग टिकवायला स्वतःलाच काहीतरी लागेल अशी खटपट करायचा. २०२४ च्या सुधारणेत बोनस अ‍ॅक्शन खर्चून राग टिकवता येतो. आपल्या मापात तेच करा: बोनस अ‍ॅक्शन दिली तर त्या टर्नला दोनऐवजी एकच चिंचोका जाईल.

नावाबद्दल थोडं. 'बार्बेरियन' हे मूळ इंग्रजी नाव ग्रीकमधून आलं, ज्याची भाषा कळत नाही तो, असा त्याचा अर्थ. त्याचं 'रानटी' केलंत की राग ही जंगलात राहणाऱ्या माणसांची जात ठरते, आणि हे ज्या शहराच्या हद्दीत वारल्यांचे पाडे आहेत तिथे बसून लिहिताना खटकायला हवं. माणसाऐवजी अवस्थेला नाव द्या. 'अंगात येणं' ही कल्पना हाताशी आहे आणि तिच्यात जोरही आहे, पण टेबलावरच्या कोणाच्या तरी घरात ती श्रद्धा असते. ती वापरायचीच असेल तर शाखा म्हणून गांभीर्याने वापरा, ओहोटीतल्या फजितीसाठी नको.

लढाई नसताना गडी फोनमध्ये डोकं घालून बसू नये म्हणून एक गोष्ट द्या: समोरच्याचा दाबलेला राग त्याला फासा न टाकता कळतो. दरबारात, बाजारात, कोळीवाड्यातल्या भांडणात हे जादूगाराच्या मंत्राइतकं उपयोगी पडतं.

आधी पाचव्या लेव्हलपर्यंतच लिहा आणि तीन लढाया खेळून पाहा, प्रत्येक वेळी शेजारी साधा फायटर ठेवून: एक मोठा राक्षस, आठ किरकोळ शत्रू, आणि छपरावरचे चार धनुर्धारी. वहीत राउंडनिहाय चिंचोके, दिलेलं डॅमेज आणि घेतलेलं डॅमेज लिहा. पहिल्या लढाईत दुसऱ्या राउंडपर्यंत उधाण आलं नाही तर सुरुवातीचे २ चे ३ करा. दुसऱ्या लढाईत माप सतत सहावर अडकलं तर मिळकतीला हात लावू नका, टर्नचा खर्च दोनाचा तीन करा. धनुर्धाऱ्यांपुढे गडी हरला तर हरू द्या, ती लढाई कोणा दुसऱ्याची आहे. एका वेळी एकच आकडा बदला, आणि बदलल्यावर तिन्ही लढाया पुन्हा खेळा.